डब्याची जागा

लटारू सहारे यांच्या जन्मतारखेवर विश्वास ठेवता येत नाही. शाळेच्या दाखल्यावर १ जुलै १९५७ अशी तारीख आहे. परंतु त्याच नोंदवहीत त्यांच्या वर्गातील आणखी एकोणीस मुलांची जन्मतारीखही १ जुलै आहे, आणि एका गावात एका दिवशी वीस मुलगे जन्मल्याचा दुसरा कोणताही पुरावा उपलब्ध नाही. त्यांची आई सांगत असे, की नागपूरला दीक्षा झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी, धान कापणीला आले असताना हा झाला. ही साक्ष अधिक ग्राह्य वाटते. मास्तरांना तारीख हवी होती. आईला तिची काही गरज नव्हती.

वडशाला राइस मिलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रेल्वेच्या कुंपणाला पाठ लावून त्यांचे मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान उभे आहे. पाटी नाही. विचारल्यावर ते म्हणतात, "ज्याले गाडी ढकलत आनाची हाय, त्याले पाटी वाचाले फुरसत कुठी असते?"

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील कारागिरांच्या खुणा नोंदवण्याचे काम गेली दोन वर्षे मी करते आहे. सुतार, लोहार, मिस्त्री आपल्या कामावर कुठेतरी लहानशी खूण सोडतात, आणि ती सहसा कोणी लिहून ठेवत नाही. लटारूभाऊंची खूण म्हणजे पंचने, टोकदार पोलादी खिळा ठोकून, उठवलेली तीन टिंबे, चुलीच्या तीन दगडांसारखी. ही खूण मला गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत एक्केचाळीस वस्तूंवर सापडली होती. तांदूळ चाळणाऱ्या यंत्राच्या दांड्यावर, नाटकमंडळाचा पडदा गुंडाळण्याच्या चाकावर, दोन हातपंपांवर, एका कुबडीवर. बेचाळिसावी म्हणून दाखवलेली खूण गंजाचे खड्डे निघाली, म्हणून ती यादीतून काढावी लागली. वडशात चांगल्या कामाचे श्रेय लटारूभाऊंना देण्याची पद्धतच पडून गेली आहे, त्यामुळे काळजी घ्यावी लागते.

या खुणेचा एक नियम आहे. काम संपले म्हणून तीन टिंबे पडत नाहीत. ती वस्तू एकदा वापरली जाऊन परत आली, वापरणाऱ्याने काही कुरकुर केली नाही, तरच पंच बाहेर निघतो. दुकानाच्या मागच्या भिंतीशी टिंब न पडलेल्या वस्तूंचा एक ढीग आहे. तो त्यांनी कधी झाकून ठेवला नाही.

ते मोटारसायकलकडे उशिरा वळले. वयाच्या चौदाव्या वर्षी राइस मिलमध्ये पट्टे बसवायला लागले. तिथे चाळणीच्या यंत्राखाली हात धरून कोणती स्प्रिंग थकली आहे ते ओळखायला शिकले. आजही ते स्प्रिंगला आधी तळहात लावतात आणि मग डोळा. हादऱ्याला त्यांचा शब्द 'गचका'. गचका मारता येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. "त्याले कुठी पाठवाचं तेवढंच आपल्या हाती रायते. मानसाकडे पाठवाचं का लोखंडाकडे."

या वाक्याचा पडताळा घेण्याची संधी गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या पावसाळ्यात मिळाली. त्यासाठी आधी इसरू कोडापे यांची ओळख करून द्यावी लागेल.

इसरूभाऊ हिवताप विभागात कर्मचारी होते. कुरखेड्याच्या बाजूची जंगलातील गावे त्यांच्याकडे होती. तापाच्या माणसाचे बोट टोचायचे, रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, पट्ट्या डब्यात भरून तपासणीला पोचवायच्या, हे काम त्यांनी पस्तीस वर्षे केले. गावे त्यांना 'मलेरिया डाक्टर' म्हणत. लटारूभाऊ अजूनही 'डाक्टर' म्हणूनच चिडवतात. सुरुवातीला ते सायकलने जात. पुढे त्यांनी जुनी राजदूत मोटारसायकल घेतली. १९८२ ची नोंदणी, काळी टाकी. वेळ वाचू लागला, पण काचपट्ट्या फुटू लागल्या. पट्टी फुटणे म्हणजे पुन्हा त्या गावी जाणे आणि त्याच तापलेल्या लेकराचे बोट पुन्हा टोचणे. आया दार लावून घेत.

१९८६ साली लटारूभाऊंनी त्यांना एक डबा करून दिला. पत्र्याच्या मोठ्या डब्याच्या आत लहान डबा, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी चारी बाजूंनी टांगलेला. हा डबा कॅरिअरवर नाही, तर पुढे, टाकीवर बांधायचा. "मांगचं चाक घोड्यासारखं उडते," ते तेव्हा म्हणाले होते, "समोर बांध आन् पोटानं धरून ठेव." डब्याच्या झाकणावर तीन टिंबे आहेत; मी पाहिली आहेत.

लटारूभाऊ सांगतात, की त्यानंतर एकही पट्टी फुटली नाही. हे खरे नाही. इसरूभाऊंच्या स्वतःच्या वह्यांपैकी डब्यानंतरच्या चौदा वर्षांच्या वह्या वाळवीतून वाचल्या आहेत, आणि 'फुटलेल्या' या रकान्यात त्या चौदा वर्षांत तीन पट्ट्या आहेत. हे मी त्यांच्यापुढे वाचून दाखवले तेव्हा लटारूभाऊंनी इसरूभाऊंकडे पाहिले.

"कोनत्या तीन बे?"

"दोन तं मी नाल्यात पडलो तवाच्या," इसरूभाऊ म्हणाले. "आन् एक माह्या हातून घरीच पडली."

"मंग त्या गचक्यानं नाई फुटल्या. त्या तुह्यानं फुटल्या. बाई, तसं लिहा."

तसे लिहिले आहे.

इसरूभाऊ निवृत्त झाले त्याला दहा वर्षे झाली. डबा घरी माळ्यावर गेला. गाडी मात्र चालू होती. जुन्या गावांत कुणाचे लग्न, कुणाचे मरण, ते राजदूत घेऊनच जात. दोन वर्षांपूर्वी कंबर गेली. मणक्यातली गादी सरकली होती. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि गचके टाळायला सांगितले. राजदूतचे मागचे, धक्के झेलणारे दोन्ही शॉकअप चाळीस वर्षांच्या सेवेनंतर काठीसारखे ताठ झाले होते. नवे बसवून पाहिले, तरी रपट्यावर, नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, बसलेला धक्का सरळ पाठीत जाई. गाडी अंगणात उभी राहिली.

त्यांचा मुलगा प्रफुल मोहर्लीला व्याघ्र प्रकल्पात सफारीची जिप्सी चालवतो. पावसाळ्यात जंगल बंद असते, म्हणून तो घरी होता आणि येताना एक प्रस्ताव घेऊन आला होता. मोहर्लीच्या एका नव्या रिसॉर्टला फाटकाशी ठेवायला जुनी मोटारसायकल हवी होती. ते ती रंगवून घेणार, चाके सिमेंटमध्ये बसवणार आणि कॅरिअरवर फुलांच्या कुंड्या ठेवणार.

प्रफुल वाईट मुलगा नाही, हे नमूद केले पाहिजे. बाप सकाळी खाटेवरून उठताना त्याचा हात धरतो, हे तो रोज पाहत होता. लटारूभाऊंच्या दुकानात तिघांत झालेले बोलणे मी त्याच दिवशी लिहून ठेवले.

"जोहार, मिस्त्री," इसरूभाऊ दारातून म्हणाले.

"जय भीम, डाक्टर. काऊन, आज पैदल?"

"पोट्टा माही गाडी कुंडी ठेवाले देऊन राह्यला."

"कुंडी नाई, बाबा, शोपीस म्हनतात त्याले," प्रफुल म्हणाला. "लोक फोटो काढतीन. इथी अंगनात कोंबड्या बसून राह्यल्या तिच्यावर."

"कोंबड्या उतरतात तरी," लटारूभाऊ म्हणाले. "सिमेंट उतरत नाई."

प्रफुल हसला; पण त्याने अट घातली, आणि ती स्पष्ट होती. बाबांनी स्वतः गाडी चालवत बोरटोल्याला जाऊन यायचे. बोरटोला, त्यांच्या जुन्या गावांपैकी एक, चौदा किलोमीटर; त्यातले शेवटचे पाच जंगलातल्या कच्च्या रस्त्याने, मध्ये नाल्यावरचा रपटा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुणाचा हात न धरता खाटेवरून उठले, तर गाडी त्यांची. नाही उठले, तर १ ऑक्टोबरला जंगल उघडण्याआधी रिसॉर्टचा टेम्पो येईल.

"मिस्त्री, होते का काई?" इसरूभाऊंनी विचारले.

लटारूभाऊंनी खडूने जमिनीवर मागचे चाक आणि त्याचे दोन शॉकअप काढले, मग दोन्हींवर फुली मारली. "दोन पायावर नाई होत," ते म्हणाले. "एका पायावर उभी करा लागन."

अलीकडच्या मोटारसायकलींना मागे दोन बाजूंना दोन शॉकअप नसतात. सीटखाली, मधोमध, एकच असतो. वडशाच्या मिस्त्रींत त्याला 'एकशाक' म्हणतात. जुन्या गाडीला तो बसवणे म्हणजे केवळ भाग बदलणे नव्हे. मागचे चाक ज्या दोन दांड्यांत धरलेले असते तो 'चिमटा' बदलावा लागतो, आणि पूर्वी दोन ठिकाणी वाटला जाणारा भार आता एका ठिकाणी येतो. ते ठिकाण चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, कुठे असावे, यावर सगळे अवलंबून.

माझी स्वतःची भूमिका त्या वेळी या कामाच्या विरोधात होती, हे लपवण्यात अर्थ नाही. दस्तऐवजाला हात लावू नये, ही आमच्या कामाची पहिली शिकवण. त्या राजदूतचे मूळ रूप जायला नको, असे मी म्हटले.

"मंग कुंड्याच बऱ्या," लटारूभाऊ शांतपणे म्हणाले. "त्याच्यात रूप नाई जात."

मी आक्षेप मागे घेतला. मात्र त्यांनी आपणहून दोन मर्यादा मान्य केल्या. एक, परिवहन कार्यालयाच्या परवानगीचा कागद हाती येईपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. तो कागद मी पाहिला आहे. दुसरी, चेसिसवर आरी चालवायची नाही आणि वेल्डिंगचा एक ठिपकाही पाडायचा नाही. जे बसेल ते मूळच्या छिद्रांतल्या बोल्टांवर. "हे लोखंड माह्यं नोहे. ज्यानं केलं त्याची शिलाई मी काऊन उसवू?" मूळचे दोन्ही शॉकअप त्यांनी तेल लावून जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळले आणि फडक्यावर खडूने लिहिले: कोडापे डाक्टर, डावा. कोडापे डाक्टर, उजवा.

पुढचे तीन आठवडे दुकानात दुसरे काम जवळपास झाले नाही. अपघातात मोडलेल्या एका नव्या गाडीचा चिमटा आणि एकशाक त्यांनी मिळवला. चिमटा राजदूतच्या मापाला रुंद होता; लेथवर तो अरुंद केला, आसाभोवती बसणारे नवे बुश ओतून घेतले, आणि साखळी सरळ चालते की नाही हे पाहण्यासाठी पुढच्या दातेरी चाकापासून मागच्या दातेरी चाकापर्यंत दोरा ताणून चार वेळा तपासले. सीटखाली बॅटरी आणि हवेची पेटी यांच्यामध्ये वीतभरही जागा नव्हती. बॅटरी बाजूला सरकली. एकशाकचे वरचे टोक धरण्यासाठी त्यांनी दोन जाड पट्ट्यांची पकड केली; इंजिनाचे मागचे बोल्ट आणि सीटचे पुढचे बोल्ट यांच्यामध्ये ती पुलासारखी बसते. तिच्यात एकाऐवजी तीन छिद्रे पाडली. तीन कशासाठी, असे विचारल्यावर ते म्हणाले, "मानूस कुठी एकाच मापाचा रायते?"

एकशाकची स्प्रिंग जुन्या दोन्ही स्प्रिंगांपेक्षा इतकी ताठ का लागते, हे त्यांनी मला ढेकीवर समजावले. त्यांच्या आईकडे धान कांडायची ढेकी होती. लांब दांड्याच्या टोकाशी पाय ठेवला तर लेकरूही मुसळ उचलते. आसाजवळ ठेवला तर पैलवानालाही जड जाते. "जुने शाकप चाकापाशी होते. हा आसापाशी हाय. थोडंसंच हलते, पन त्याले लय जोर सोसा लागते." यंत्रशास्त्राच्या पुस्तकात हेच आकृतीसह तीन पानांत आहे. मी ती पाने नंतर ताडून पाहिली. ढेकी बरोबर होती.

मग स्प्रिंग लावण्याची वेळ आली. इसरूभाऊ गाडीवर बसल्यावर एकशाक किती दबावा, हे ठरवायचे होते. पण कामाच्या दिवसांत त्यांना पुन्हा पुन्हा चढवणे-उतरवणे कंबरेला झेपणारे नव्हते. म्हणून त्यांच्या जागी धान बसवले. इसरूभाऊंचे वजन साठ किलो, धानाचा कट्टा चाळीस किलोचा. म्हणजे दीड कट्टा. लटारूभाऊंच्या पत्नी कमलाबाई यांनी घरातून धान दिले आणि वर सांगितले, "डाक्टरचं काम झाल्यावर पायलीनं मोजून वापस घेईन. उंदरानं खाल्लं म्हनाचं नाई." दीड कट्टा सीटच्या मधोमध दोरीने बांधला. चिमटा आणि त्याच्या वरचा आडवा लोखंडी दांडा यांच्यात चार बोटे अंतर राहिले. ते मी मोजपट्टीने मोजले: अडुसष्ट मिलिमीटर. लटारूभाऊंनी मान डोलावली. ठीक होते.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली फेरी झाली. इसरूभाऊ पुढे, प्रफुल आपल्या गाडीवर मागे, मोबाइल खिशाला अडकवून चित्रण करत. हे चित्रण तो रिसॉर्टच्या व्यवस्थापकाला दाखवणार होता.

ते दीड तासात परत आले. बोरटोल्यापर्यंत पोचलेच नव्हते. रपट्यावर चढताना मागून लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज झाला आणि इसरूभाऊ हँडलवर ओणवे झाले. प्रफुलने त्यांना आपल्या गाडीवर घेतले. राजदूत बोरटोल्याच्या एकाने आणून दिली.

इसरूभाऊ दुकानातल्या बाकावर पालथे पडले. "मिस्त्री, तुहा दोष नाई," ते म्हणाले. "कंबरच माही गेली."

प्रफुलने बापाच्या चपला काढून बाजूला ठेवल्या. तो बाहेर जाऊन फोनवर बोलला आणि परत आला. "टेम्पो अठ्ठावीसले येते म्हनतात."

लटारूभाऊ गाडीखाली गेले. चिमट्यावर ताजा ओरखडा होता. आडव्या दांड्यावर त्याचा जोडीदार. स्प्रिंग पूर्ण दबून लोखंड लोखंडाला लागले होते, यात शंका नव्हती. त्यांनी पुन्हा दीड कट्टा धान बांधले. पुन्हा अडुसष्ट मिलिमीटर. कमलाबाईंच्या धानाचे वजन मी तराजूवर करून पाहिले. तेही बरोबर, साठाला पाव किलो कमी. साठ किलो धान ज्या गाडीवर आरामात बसत होते, त्याच गाडीवर साठ किलोचा माणूस आपटत होता.

दुसऱ्या दिवशी मी नोंद पूर्ण करत होते. धान कुठे बांधले, हे लिहिले: सीटच्या मधोमध. त्याच्या शेजारी स्वार कुठे बसला, हे लिहायचे होते. लटारूभाऊंना विचारले.

"मधातच. आनखी कुठी बसते मानूस?"

"तुम्ही पाहिले?"

त्यांनी पाहिले नव्हते. फेरी निघाली तेव्हा ते चाकाकडे पाहत होते. प्रफुलचे चित्रण मागवले. तो आला, मोबाइल पुढे केला, आणि तिघे त्या लहान पडद्यावर वाकलो. डांबरी रस्ता, भातशेते, पुढे पांढऱ्या सदऱ्यातले इसरूभाऊ. हात ताणलेले, पाठ सरळ, आणि बसलेले सीटच्या अगदी मागच्या काठावर, जवळपास कॅरिअरवर. टाकी आणि पोट यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा.

मला एक जुना फोटो आठवला. कामाच्या पहिल्याच आठवड्यात इसरूभाऊंच्या पेटीतून त्याची प्रत घेतली होती. मागे '१९८७, बोरटोला शाळा' असे लिहिलेले. मी त्याला मथळा दिला होता: 'इसरू कोडापे, राजदूतवर'. याहून अधिक काही त्यात आहे, हे माझ्या लक्षात आले नव्हते. फोटो मोबाइलशेजारी ठेवला. तीच पाठ, तेच ताणलेले हात, तीच मागच्या काठावरची बैठक. फक्त फोटोत पोटापुढे डबा होता.

लटारूभाऊ दोन्हींकडे पाहत राहिले. मग हसू लागले; इतके, की डोळे पुसावे लागले.

"डब्बा गेला त्याले दहा वर्स झाले," ते म्हणाले, "आन् हा अजून डब्ब्याले जागा देऊन राह्यला."

"बाबा नेहमीच असे बसतात," प्रफुल म्हणाला. "मले वाटे, कंबरेनं बसतात."

"कंबरेनं नाई, बाप्पा. माह्यानं. मीच सांगतलो होतो, समोर बांध आन् पोटानं धर. मंग डब्ब्याच्या मांगच बसा लागते." त्यांनी फोटो हातात घेतला. "अडतीस वर्सं पाहून राह्यलो या मानसाले. धान मधात बांधलो."

बैलबंडीत धान मागे भरले तर बंडी उलाळ होते, पुढचे जू वर उचलते; हे झाडीपट्टीतल्या, या धानाच्या मुलखातल्या, प्रत्येकाला ठाऊक आहे. मागे सरकलेला माणूस सगळा भार मागच्या चाकावर टाकतो. दीड कट्टा सीटच्या मागच्या काठावर बांधून पाहिले: अंतर एकतीस मिलिमीटर. रपट्याच्या एका धक्क्यात ते संपणारच.

प्रफुलने सोपा उपाय सांगितला. बाबांना पुढे बसायला सांगा.

"त्याले काई सांगाचं नाई," लटारूभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज वाढला नाही, पण त्यात चर्चेला जागाही नव्हती. "ते बसनं गाडीचं हाये का? ते त्याच्या कामाचं हाये. मानूस सरकवाचा नाई. स्प्रिंग सरकवाची."

पकडीतली तीन छिद्रे आता कामाला आली. एकशाकचे वरचे टोक मधल्या छिद्रातून मागच्या छिद्रात गेले. पहिल्या स्प्रिंगऐवजी जाड तारेची दुसरी आली. तळहात, मग डोळा, मग माझी मोजपट्टी. धान मागच्या काठावर, अंतर सत्तर मिलिमीटर. पाच दिवस गेले. कमलाबाईंनी धान परत नेले. मोजले की नाही, याची नोंद नाही.

बावीस तारखेला, रविवारी सकाळी इसरूभाऊ आले तेव्हा त्यांच्या हातात पत्र्याचा डबा होता. माळ्यावरून त्यांनी तो स्वतः काढला होता. ट्यूबच्या पट्ट्या कडक होऊन तुटल्या होत्या; त्यांनी नव्या कापून लावल्या होत्या. आत कोऱ्या काचपट्ट्या, पंचवीस.

"आता हे कशाले, बाबा?" प्रफुलने विचारले.

"मिस्त्रीनं जागा ठेवली," ते म्हणाले. "मंग जागा रिकामी काऊन न्याची?"

त्यांनी डबा टाकीवर बांधला. बसले, मागे सरकले, पोट डब्याला लागले आणि पाठ जशी फोटोत आहे तशी झाली. लटारूभाऊ या वेळी चाकाकडे पाहत नव्हते.

त्यांना थोडे थांबवून आम्ही तिघे पुढे गेलो आणि रपट्यापाशी उभे राहिलो. राजदूतचा तो तुटक, टपटपणारा आवाज सागांतून आधी आला आणि मग गाडी. रपट्याच्या चढावर मागचे चाक दबले, उठले, पुन्हा थोडे दबले आणि स्थिर झाले. लोखंडाचा आवाज आला नाही. इसरूभाऊंनी वळून पाहिलेही नाही. ते बोरटोल्याला गेले, तिथे चहा घेतला, म्हाताऱ्यांनी 'मलेरिया डाक्टर आला' म्हणून गराडा घातला, एका आजीने सवयीने बोट पुढे केले, आणि ते परत निघाले. अठ्ठावीस किलोमीटर पूर्ण.

दुकानात डबा उघडला. पट्ट्या मी मोजल्या: पंचवीस, सर्व अखंड. पुन्हा मोजल्या.

"तिसऱ्यांदा मोजा, बाई," लटारूभाऊ म्हणाले. "डाक्टरनं रस्त्यात बदलल्या असतीन."

परंतु अट सकाळची होती, त्यामुळे पंच अजून पेटीतच होता. सोमवारी साडेसातला प्रफुल एकटा आला.

"काय गा?" लटारूभाऊंनी विचारले. हातातला पाना त्यांनी खाली ठेवला नव्हता.

"मी उठलो तं बाबा खाटेवर नाई," प्रफुल म्हणाला. "अंगनात होते. कोंबड्या हाकलून राह्यले होते, गाडीवरून." त्याने खिशातला मोबाइल काढून दाखवला. "रिसॉर्टवाल्याले फोन केलो. त्याले सांगतलो, गाडी कामावर हाये."

टेम्पो आला नाही.

त्याच दुपारी तीन टिंबे पडली. चेसिसवर नाही, चिमट्यावरही नाही. लटारूभाऊंनी स्वतः केलेल्या पकडीवर, सीट काढल्याशिवाय दिसणार नाही अशा ठिकाणी. माझ्या यादीत बेचाळिसाव्या क्रमांकासमोर आता गंज नाही.

वडशात सांगितले जाते, की जुन्या राजदूतला एकशाक बसवणारे लटारूभाऊ दोन्ही जिल्ह्यांत पहिले. मी चंद्रपूर, पोंभुर्णा, आरमोरी, कुरखेडा येथील मिस्त्रींकडे चौकशी केली. पोंभुर्ण्याच्या एकाने अशीच गाडी पाहिल्याचे सांगितले, पण वर्ष सांगता आले नाही. म्हणून 'पहिले' हा शब्द मी लिहू शकत नाही, हे मी लटारूभाऊंना कळवले. ते एका मुलीच्या स्कूटीचा ब्रेक बसवत होते.

"नका लिहू," ते म्हणाले. "पन हे लिहा, का चेसिसले आरी नाई लागली. ते पोंभुर्न्यावाल्याले विचारा, त्याच्यात लागली का."

विचारले. लागली होती.